दुर्बिणीचं ऑपरेशन ५ पैकी ५, घरी पाठवताना दिलेलं मार्गदर्शन ५ पैकी १

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं त्याला आता १४ महिने झाले. आम्ही अमळनेर तालुक्यातले, ऑपरेशन नाशिकला केलं. हॉस्पिटलचं नाव टाकत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारपण आहे आणि मला कोणाची बदनामी करायची नाही, फक्त पुढच्या घरांना आधी कळावं एवढंच.

आधी ४ केमो, मग ऑपरेशन, मग परत ४ केमो असं ठरलं होतं. दुर्बिणीतून करायचं म्हटल्यावर गावात जो तो सांगायला लागला की पोट पूर्ण उघडल्याशिवाय कॅन्सर साफ निघत नाही, आतमधे राहून जातो. मी सर्जनला सरळ विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की चीनमधे हजाराच्या वर पेशंटवर दोन्ही पद्धती शेजारी ठेवून बघितल्या, जठराचा खालचा भाग काढायच्या ऑपरेशनसाठी, म्हणजे आबांचं तेच, आणि ३ वर्षांनी कॅन्सर परत न येता जगणारे दुर्बिणीवाले ७६.५ टक्के आणि उघड्या ऑपरेशनवाले ७७.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. मग आम्ही होकार दिला आणि त्याचा पश्चात्ताप नाही. पोटावर ५ छिद्रं आणि बेंबीजवळ एक छोटा काप, काढलेलं जठर बाहेर घ्यायला. दुसऱ्या दिवशी नर्सने धरून चालवलं, आठव्या दिवशी डिस्चार्ज, आणि मुंबई-आग्रा हायवेच्या गचक्यांतपण आबा पोटाला उशी लावून बसून आले, झोपून नाही. ह्या भागाला पूर्ण मार्क.

आता तक्रार. डिस्चार्जच्या कागदावर जेवणाबद्दल इंग्रजीत दोन शब्द होते, सॉफ्ट डाएट. बस. आम्हाला वाटलं जखम लहान म्हणजे सगळंच लहान, महिनाभरात माणूस पहिल्यासारखा.

महिन्याभराने अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. घरात खापरावरचे मांडे, आमरस, लेकी माहेरी आलेल्या, आबांना एक वाटी रस आणि अर्धा मांडा दिला, मऊच तर आहे म्हणून. वीसेक मिनिटांत त्यांना दरदरून घाम सुटला, छाती धडधडायला लागली, पोटात मुरडा, तोंड पांढरंफटक. आम्हाला वाटलं हार्ट अटॅकच आला. त्यांना खाटेवर आडवं केलं, मी पाय दाबत बसले होते आणि हात थरथरत होते माझेच. तासाभराने बरं वाटलं. त्याला डंपिंग म्हणतात हे दुसऱ्या दिवशी फोन लावल्यावर कळलं. जठर लहान झाल्यावर गोड पदार्थ थेट आतड्यात जातो, आतडं शरीरातलं पाणी ओढून घेतं आणि असं होतं. कधी दोनेक तासांनी साखर एकदम खाली जाऊनपण चक्कर येते. एवढं कोणी आधी सांगितलं असतं तर तो सण असा गेला नसता.

नंतर एका आहारतज्ज्ञ ताईंकडे फोनवर सल्ला घेतला, त्यांना मनापासून ५ पैकी ५. त्यांनी भाषण नाही दिलं, आमच्या घरात काय शिजतं ते विचारलं. दिवसातून ६-७ वेळा थोडं थोडं, आधी डाळ, अंडं किंवा पनीर, मग भाकरी. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाहीतर नंतर. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी चालेल पण पापुद्रा काढून, घास चावून अगदी पातळ होईपर्यंत. भरीत चालेल, मिरची नावाला. शेवभाजी सहा महिने बंद. केळी आमच्याकडे कमी नाहीत, पण एका वेळी अर्धंच. रात्री झोपायच्या दोन तास आधी खाणं बंद आणि खाटेच्या डोक्याखाली दोन विटा. लोह आणि बी १२ दर सहा महिन्यांनी तपासायला सांगितलंय, कारण जठर कमी झालं की ते नीट शोषलं जात नाही. मी आबांच्या मोबाइलवर सहा अलार्म लावले, शेतात जाताना तीन छोट्या स्टीलच्या डब्या पिशवीत.

वजन ६८ वरून ५७ झालं, आता ६० वर थांबलंय. सुरुवातीला आबा ताटाकडे बघून रडायचे, म्हणायचे, "इतलुसं खाईसन कसं व्हई वं माय". तीन भाकरी खाणाऱ्या माणसाला वाटीभर जेवण म्हणजे काय, ते आम्ही रोज बघितलं.

मी नंतर वाचलं की नेदरलँडमधे २२७ पेशंटवर असंच बघितलं होतं, आणि जगण्याच्या दर्जात दुर्बीण आणि उघडं ऑपरेशन यात फरक दिसला नाही. माझ्या डोळ्यांनी बघितलेलं तेच सांगतं. छिद्रं लहान म्हणून पहिला महिना सोपा गेला, पण जठर तर तेवढंच गेलं ना. त्यामुळे दुर्बिणीतून करायचं तर जरूर करा, फक्त डिस्चार्जच्या आधी जेवणाचा कागद मराठीत मागा आणि तो घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.

परवाच्या अखाजीला आबांनी आधी वाटीभर डाळ खाल्ली, मग पाव मांडा, रसाला हात नाही लावला. अर्धा तास ओट्यावर बसले, घाम नाही काही नाही. मी अजून वाढायला गेले तर ताटावर हात धरून म्हणाले, "मन्हं व्हयनं वं माय, आते तू बस जेवाले."