स्टेशनजवळचं पहाटेचं हॉटेल: इडली घसरली, टेबल अजून भारी

आधी गुण देते, मग भांडते. चहा पाचपैकी साडेचार, उप्पीट चार, शेंगाचटणी पाच, इडली जेमतेम दोन. आणि कितीही वेळ बसू देण्याला पाचपैकी पाच. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे इडलीबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून मालकांचा मुलगा मला चहा द्यायचा नाही. सोलापूर स्टेशनातून बाहेर पडून जिथं पहाटे पाचला शटर वर गेलेलं आणि बाहेर रिक्षावाले उभ्यानं चहा पिताना दिसतील, तेच.

मी रात्रपाळीवाली. घरूनच अमेरिकन दवाखान्यांच्या बिलांचं काम करते. साडेचारला लॅपटॉप मिटला की झोप येत नाही, भूक लागते. मग जुळे सोलापुरातून पप्पांना स्कूटीवर मागे बसवून इथं येते. पप्पा पीटीचे निवृत्त सर. शाळेत त्यांनी पोरींची सॉफ्टबॉलची टीम उभी केली, त्यात मी कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून चेंडू पकडणारी, होते. आमच्या क्लायंटकडची मॅनेजरबाई शिकागोच्या साउथ साइडची. तिचा प्रत्येक कॉल ‘कशा आहात’ऐवजी ‘काल पण हरलो’नं सुरू व्हायचा. ऐकून ऐकून मला तिच्या शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल टीमची सवय लागली आणि माझ्यामुळे पप्पांना. जिंकणारी टीम निवडायची अक्कल दोघांनाही नाही.

वेळेचं गणित मात्र झकास जुळतं. शिकागोत संध्याकाळी ६.४०ला सुरू होणारी मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे ५.१०ला लागते. त्या वेळी सोलापुरात बसायचं कुठं? फलाटावर, नाही तर इथं.

आमचं टेबल हात धुवायच्या बेसिनजवळचं. ते कुणालाच नको असतं म्हणून आम्हाला कुणी उठवत नाही. स्टीलच्या पाण्याच्या जगाला टेकवून मोबाइल उभा करायचा. वेटर जग भरायला उचलतो तेव्हा मॅच आडवी होते आणि नेमका तेव्हाच कुणीतरी होम रन, म्हणजे आपल्या सिक्ससारखा फटका, मारतो, बहुतेक वेळा समोरच्या टीमचा. मॅचची वर्गणी मी भरते, चहाचे पैसे अण्णा देतात. अण्णा टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतात, घरी तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. पहिल्यांदा टेबलाशी आले तेव्हाच म्हणाले, “आयुष्यभर अमेरिकेला टॉवेल पाठवायलोय मॅडम, तिथं कोण हरायलंय ते कळाय नको का?” चौथा भिडू इंजिनिअरिंगचा पोरगा, आम्ही बारक्या म्हणतो. तो मॅच बघतच नाही, आकडे बघतो.

आता खाण्याकडे येते. उप्पीट मऊ, वर शेव, कढीपत्ता तळलेला, आणि पहाटे सहालाही कढईतून वाफाळत येतं. चहात आलं ठेचलेलं असतं, पावडर नाही. चुरमुऱ्यांची सुशीला सकाळी सातनंतर होते, लिंबू मागून घ्या. शेंगाचटणी मालकीणबाई घरी कुटून पाठवतात. कोरडी, लसूण पुढे, तिखट मागून येतं, आणि बशीत ठेवली की कडेनं तेलाचं लाल वर्तुळ धरते. या चटणीच्या जिवावर हॉटेल उभं आहे हे मालकांच्या मुलाला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

इडली. पूर्वी ती बोटानं दाबली की परत वर यायची. आता दाबली की दबलेलीच राहते. पीठ उन्हाळ्यात नको इतकं आंबतं, त्यामुळे पहिल्या घासाला आंबटपणा नाकात जातो. खोबऱ्याची चटणी इतकी पातळ की ताटलीच्या खणातून वाहत वड्याखाली जाते आणि वडा खालून भिजतो. कारण साधं आहे. जुने आचारी मामा पगारावरून सोडून गेले. होटगी रोडला कुठंतरी लागलेत म्हणे. त्यांच्यानंतर आलेला एक टिकला नाही, आता तिसरा आहे. मधल्या काळात मुलानं मेनूला प्लास्टिक केलं, टेबलावर क्यूआर कोड चिकटवला, खुर्च्या लाल केल्या आणि चीज डोसा आणला. चीज डोसा मी खाल्लेला नाही, खाणारही नाही.

मामा गेले तेव्हा बारक्या लगेच म्हणाला, “क्रोशे गेला तसं झालं की ओ.”

झालं, भांडण पेटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गॅरेट क्रोशे हा व्हाइट सॉक्सचा तेव्हाचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. २०२४ साली टीम ४१ जिंकली आणि १२१ हरली. १९०१पासूनच्या काळात एका हंगामात इतके पराभव कुणाचेच नाहीत, १९६२च्या न्यूयॉर्क मेट्सचे १२० होते, तेही मागे पडले. त्या ढिगाऱ्यातही क्रोशे ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंत गेला, आणि २०९ जणांना स्ट्राइक आउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं. आणि डिसेंबरात टीमनं त्याला बॉस्टनच्या टीमला देऊन चार तरुण पोरं घेतली. २०२५ला तिकडे त्यानं १८ विजय आणि २५५ स्ट्राइक आउट काढले.

“एकच चांगला माणूस होता, तोच विकला,” अण्णा.

“ठेवून काय केलं असतं? पाच दिवसांतून एकदा टाकणार. बाकी चार दिवस कोण?” पप्पा. त्यांना टीम खालपासून बांधायची भारी हौस. शाळेतही नववीच्या पोरी सोडून सातवीच्या घ्यायचे.

मी पप्पांच्या बाजूची, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. त्या चौघांत काइल टील नावाचा कॅचर आला. कॅचरनं बसून सगळं मैदान समोर ठेवायचं असतं, ओरडायचं असतं, मार खायचा असतो. ते काम कळणारा तरुण कॅचर चारांतला एक मिळाला, तर मी सौदा वाईट म्हणत नाही. चेस माइडरॉथही त्यातलाच, छोटासा, पण चेंडू सोडत बसायचा धीर आहे त्याच्याकडे. बारक्या यावर मोबाइल पुढे करून आकडे दाखवतो, आम्ही चष्मा नाही म्हणून सांगतो.

ज्या सौद्यावर टेबलावरच्या आम्हा चौघांचं एकमत आहे तो २०१६चा. जेम्स शील्ड्स नावाचा उतरणीला लागलेला पिचर घेण्यासाठी सॅन डिएगोला एरिक जॉन्सन आणि सोबत एक सतरा वर्षांचा पोरगा दिला. तो पोरगा फर्नांडो टाटिस ज्युनिअर. पुढे तो लीगमधल्या मोठ्या नावांत गेला. हा विषय निघाला की अण्णा चहाचा कप उपडा ठेवतात, म्हणजे आता बोलणं नको.

बॅटर अँड्र्यू बेनिनटेंडीवरून मात्र रोज भांडण होतं. पाच वर्षांचे ७५ मिलियन डॉलर, क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार, आणि २०२४ला बॅटिंगची सरासरी .२२९, म्हणजे हजार संधींत २२९ हिट. बारक्या म्हणतो त्यानं २० होम रन मारले, तेवढं तरी धरा. मी म्हणते पैसे होम रनला दिलेच नव्हते, बेसवर पोहोचायला दिले होते. अँड्र्यू वॉन तर त्याहून चमत्कारिक. २०१९च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीतला, तिसऱ्या क्रमांकाचा, पहिल्या बेसवरचा भरवशाचा गडी. २०२५ला सॉक्सकडे .१८९, मग जूनमध्ये मिलवॉकीला दिला, आणि तिथं गेल्यावर .३०८. तोच माणूस, तीच बॅट.

“म्हणजे खोट पोरात नव्हती,” पप्पा एवढंच म्हणाले आणि उप्पिटावर लिंबू पिळलं.

मग खोट कुठं? टीमचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, पेड्रो ग्रिफोलला २०२४च्या ऑगस्टमध्ये काढलं. तेव्हा २८ विजय, ८९ पराभव होते, आणि नुकतेच सलग २१ हरून झाले होते. त्याच्या जागी ग्रेडी साइझमोर आला, तर उरलेल्यातले १३ जिंकले, ३२ हरले. त्याच्या वर्षभर आधी टीम बांधणारे वरचे दोघं, केनी विल्यम्स आणि रिक हान, काढले होते आणि आतल्याच क्रिस गेट्झला बसवलं होतं. २०२५ला नवा मॅनेजर विल व्हेनेबल: ६० विजय, १०२ पराभव. सुधारणा म्हणायची तर म्हणा. कोल्सन मॉन्टगोमेरीनं जुलैत येऊन २१ होम रन मारले, ते आम्ही टेबल वाजवून साजरे केले, वेटर धावत आला की काही सांडलं काय.

अण्णांचं उत्तर ठरलेलं. “मालक कोण आहे? १९८१पासून तोच ना?” जेरी राइन्सडॉर्फ, होय. मायकल जॉर्डनच्या बुल्स या बास्केटबॉल टीमचाही मालक. २००५ला याच मालकाच्या काळात सॉक्सनं वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकली, १९१७नंतर पहिल्यांदा, हे पप्पा दर वेळी सांगतात. अण्णा मान हलवतात आणि गल्ल्याकडे बोट करतात. गल्ल्यावर मुलगा, कानात इअरफोन. थोरले मालक पूर्वी पहाटे स्वतः इडलीचं पहिलं भांडं उघडायचे, एक तोडून खायचे, मग बाहेर द्यायचे. आता दहाला येतात. “आचारी कितीबी बदला,” अण्णा म्हणाले, “पहिली इडली कोण खायलंय ते सांगा.”

यावर बारक्यासुद्धा गप्प. त्याच्याकडे याचा आकडा नव्हता.

२०२४च्या सप्टेंबरातल्या त्या सकाळी विसरणं अवघड आहे. १२० पराभव झालेले, विक्रम व्हायला एक बाकी. समोर एंजल्सची टीम. शिकागोचं मैदान अर्धंही भरलेलं नाही आणि जे आले होते ते ‘टीम विका’ म्हणून एका सुरात ओरडत होते. मोबाइलच्या बारक्या स्पीकरमधूनही ते कळत होतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं उतरलेलं एक कुटुंब शेजारी पुरी-भाजी खात होतं, त्यांनी विचारलं, मोर्चा कुठं निघालाय? आणि टीमनं काय करावं? मागून येऊन ती मॅच जिंकली. मग पुढच्या दोन्ही जिंकल्या. १२१वा पराभव डेट्रॉइटला जाऊन, २७ सप्टेंबरला, ४-१नं. त्याच विजयानं डेट्रॉइट प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेलं. घरच्या लोकांना तेवढा एक अपमान वाचवला म्हणायचा.

हरणाऱ्यांना ड्राफ्टमध्ये आधी निवडायला मिळतं, मग इतकं हरून पहिला नंबर तरी? तोही नाही. मोठ्या बाजारपेठेतल्या क्लबला लागोपाठ दोन वर्षं वरचे नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत जागा मिळत नाही असा नियम आहे, म्हणून २०२५ला दहावा नंबर आला. मालकी बदलायचा करार झालाय, गुंतवणूकदार जस्टिन इशबियाकडे जाऊ शकते, पण लवकरात लवकर २०२९ला. अण्णांनी हे ऐकून विचारलं, “तोवर मी रिटायर, मग चहा कोण देणार?”

हॉटेलकडे परत. बाईमाणसानं पहाटे एकटीनं यावं का? पप्पा नसले तर मी येते. रिक्षावाले, हमाल, प्रवासी, सगळे आपापल्या ताटलीत असतात, कुणी वळून बघत नाही. बाथरूमची कडी मात्र नीट लागत नाही, हे सांगून झालंय. क्यूआरवर पैसे भरले तर मुलगा मान वर न करता ‘आले’ म्हणतो, त्यामुळे मी रोख देते, निदान हाताकडे तरी बघतो. स्कूटी लावायला समोरच्या भिंतीकडेला जागा आहे, रिक्षांच्या रांगेत लावू नका, शिव्या बसतात.

मागवताना इडली-वडा एकत्र घेऊ नका, नुसता वडा घ्या, शेंगाचटणी वेगळ्या वाटीत मागा. अर्धा चहा मागितलात तर तो पूर्णाएवढाच येतो. आणि सोमवारी येणार असाल तर साडेपाचच्या आत या. रविवारची मॅच शिकागोत दुपारची असते, आपल्याकडे रात्री ११.४०ला लागते, हॉटेल तेव्हा बंद. सोमवारी पहाटे मॅच नसते, नुसतं भांडण असतं, आणि त्या दिवशी उप्पीट लवकर संपतं.