दहावा कामगार ठेवावा का? ईएसआय, फुले योजना आणि मेडिक्लेमचा हिशेब

यंत्रमागाच्या शेडमध्ये दहावा माणूस ठेवला की ईएसआय, म्हणजे मालक-कामगार दोघांच्या वर्गणीवर चालणारी सरकारी कामगार विमा योजना, सगळ्या शेडला लागू होते. म्हणून सोलापुरात कुणी नवावरच थांबतं, कुणी एकच शेड कागदावर दोन नावांनी दाखवतं. “फुले योजना आहे की सगळ्यांना, मग ही कापाकापी कशाला?” हा मालकांचा सवाल काही उडवून लावण्यासारखा नाही.

फुले योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, मालकाचा एक पैसाही जात नाही. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली ही योजना 2024 पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही मिळते, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. बायपास किंवा कॅन्सर निघाला तर हाच आधार. पण ती ठरलेल्या उपचारांपुरतीच. धुरळ्याने लागलेला खोकला, बीपी-शुगरच्या गोळ्या, बुडालेली मजुरी यातलं काही तिच्यात बसत नाही. शिवाय पैसा सगळा सरकारी बजेटमधला. मर्यादा दीड लाखावरून 5 लाखांवर गेली, लाभार्थीही वाढले. तेवढी तरतूद झाली नाही तर दवाखान्यांची बिलं थकणार आणि खासगी दवाखाने योजनेचे बेड हळूच कमी करणार. मग उरतं सिव्हिल, आणि तिथे धाराशिवपासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण आधीच येतात.

ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे मालकाने सगळ्या कामगारांसाठी कंपनीकडून एकत्र काढलेला आरोग्य विमा, त्याबद्दल थोडक्यात: नऊ जणांसाठी नकोच. दोघांची मोठी ऑपरेशनं झाली की पुढच्या वर्षीचा हप्ता कंपनी वाढवणार, कारण तो बोजा वाटून घ्यायला माणसंच नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून माफ झालेला जीएसटीही वैयक्तिक पॉलिसीचा, ग्रुपचा नव्हे. मालकाने स्वतःच्या घरासाठी मात्र पॉलिसी जरूर घ्यावी आणि तीही लवकर. आधीपासूनच्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

आता ईएसआय. 15,000 पगारावर मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 487 रुपये 50 पैसे, कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 112 रुपये 50 पैसे. दोन्ही मिळून महिन्याला 600. त्यात घरच्यांसकट ओपीडी, औषधं, ऑपरेशन. कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी, बाई असेल तर 26 आठवड्यांची पगारी बाळंतरजा. रांग, रेफरचं पत्र, मिनतवाऱ्या हे सगळं आहेच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण टिकण्याच्या बाबतीत मला हीच व्यवस्था पक्की वाटते. धडधाकट पोरगाही दरमहा भरतो आणि मजुरी वाढली की वर्गणी आपोआप वाढते. अर्थमंत्र्याच्या मर्जीवर काही अडत नाही. 2019 मध्ये एकूण दर साडेसहावरून 4 टक्क्यांवर आणला, तरी गाडं चालूच आहे. शेड कागदावर तोडणारा याच भांड्याला भोक पाडतो, हे त्याला सांगायला कुणी जात नाही एवढंच.

तेव्हा काम असेल तर दहावा माणूस बेलाशक ठेवा. 15,000 पगार धरला तर दहाही जणांचे मिळून मालकाचे महिन्याला 4,875 रुपये जातील; तेवढ्यासाठी मोठी ऑर्डर सोडणं हा तोट्याचा धंदा. फक्त 21,000 च्या पगारमर्यादेवर नजर हवी, त्यापुढच्या पगाराचा कामगार ईएसआयमध्ये बसत नाही. एप्रिल किंवा ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या सहामाहीच्या मधेच पगार त्यापुढे गेला, तरी ती सहामाही संपेपर्यंत कापत राहावं लागतं, तेही पूर्ण पगारावर.