डोकं खालीच होतं राव! स्विंग अ‍ॅनालिसिसच्या एका तासाचा रिव्ह्यू

दोन वर्षं झाली गोल्फ खेळतोय आणि दोन वर्षं ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, म्हणजे काठीचा) बॉल केळ्यासारखा वळून उजवीकडच्या झाडीत. सगळ्यांचं निदान एकच, "डोकं वर उचलतोस." कॅडी तेच सांगणार, सोबतचे काका तेच, ज्यांचा स्वतःचा बॉल जेमतेम शंभर यार्ड जातो तेही तेच. शेवटी वैतागून पुण्यातल्या एका इनडोअर स्टुडिओत तासाचं सेशन घेतलं, २५०० रुपये.

आत ट्रॅकमन आहे, म्हणजे डॉप्लर रडार, क्लब आणि बॉल दोन्ही मोजतो, शिवाय दोन कॅमेरे, एक मागून एक समोरून. कोचने काही न बोलता आधी दहा बॉल मारायला लावले, हे आवडलं. मग आकडे. क्लब पाथ, म्हणजे बॉलला लागताना क्लब कुठल्या दिशेने जातो ते, मायनस ७ डिग्रीच्या आसपास (मायनस म्हणजे टार्गेटच्या डावीकडे), म्हणजे क्लब बाहेरून आत कापत येतोय, आणि फेस, म्हणजे क्लबची बॉलला लागणारी बाजू, मायनस १. आता गंमत बघा, मला वाटायचं फेस उजवीकडे उघडा राहतोय, पण टार्गेटच्या मानाने तो किंचित डावीकडेच होता, उघडा होता तो पाथच्या मानाने, चांगला ६ डिग्री. बॉल निघतो साधारण फेस जिकडे बघतो तिकडे आणि वळतो पाथच्या उलट, म्हणून माझा शॉट आधी मस्त सरळ निघायचा, मी खूश व्हायचो आणि मग तो पळायचा उजवीकडे. त्यावर माझा उपाय काय, तर आणखी डावीकडे तोंड करून उभं राहायचं, त्याने क्लब आणखीच बाहेरून यायचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

व्हिडिओत कारण दिसलं, डाऊनस्विंग सुरू झाला रे झाला की उजवा खांदा पुढे ढकलला जातो. ग्रिपही वीक (सैल नाही, हात डावीकडे वळलेला), डाव्या हाताचं जेमतेम एक नकल, म्हणजे बोटाच्या मुळाचा सांधा, दिसत होतं, कोचने हात फिरवून दोन-अडीच दिसतील असा धरायला लावला. डोकं? जागेवर!! ती फ्रेम ग्रुपवर टाकलीये.

आता तक्रार. शेवटची वीस मिनिटं नवीन ड्रायव्हर विकण्यात गेली, आणि बॉल फेसवर नेमका कुठे लागतोय हे कोणी बघितलंच नाही. ते मी घरी येऊन केलं, फेसवर पायाला मारायचा पावडर स्प्रे मारला आणि प्रॅक्टिसच्या रेंजवर गेलो, निम्मे ठसे हीलकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला. ड्रायव्हरमध्ये हीलला लागलं की स्लाइस, म्हणजे ते उजवीकडे वळणं, वाढतोच, म्हणजे हेही सांगायला हवं होतं ना?

मोबाईलवर स्लो-मो काढून हे सगळं फुकट होईल असं वाटत असेल तर थोडंफार होतं, पण फोन हाताच्या उंचीवर आणि टार्गेट लाइनला समांतर हवा, जरा तिरका ठेवला की चांगला पाथपण वाकडा दिसतो. मी त्यातच सहा महिने घालवले.

एकदा जायला हरकत नाही, पाचपैकी साडेतीन. ड्रायव्हर घेऊ नका.

काकांना ती फ्रेम दाखवली. नीट झूम करून बघितलं आणि म्हणाले, "मग गुडघा वाकत असेल."