माळावरचं दोन दिवसांचं निसर्ग शिबिर : नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलाला (वय ९) सोलापूरजवळच्या माळरानावर निसर्ग शिबिराला पाठवलं होतं. लगेच लिहायचं मुद्दाम टाळलं. शिबिराहून आलेलं पोर आठवडाभर तेच बोलत असतं. त्यातलं काय टिकलं, ते पुढच्या पावसाळ्यात कळतं.

मी स्वतः १९९४ साली, सहावीत असताना, शाळेबरोबर बार्शी रोडने नान्नजच्या अभयारण्यात गेले होते. दूर गवतात एक माळढोक सावकाश चालत होता. मीटरभर उंचीचा पक्षी, पण मान खाली घातली की दिसेनासा. त्या दिवसापासून मला माळ कधी 'पडीक' वाटला नाही. आता तिथे माळढोक दिसणं जवळजवळ संपलंय. मुलाला तो दिसणार नाही, याचं पाठवताना फार वाईट वाटत होतं.

त्याने घरी काय आणलं? मोज्यात रुतलेली कुसळं. मी काढून टाकायला लागले तर ओरडलाच, "आई, थांब!" तळहातावर कुसळ ठेवून त्याने पाण्याचा थेंब टाकला आणि त्याची पीळदार शेपटी हळूहळू फिरायला लागली. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि त्या फिरण्यातून बी स्वतःला मातीत रोवून घेतं. इतकी वर्षं कुसळं टोचून घेतली, हे मला ठाऊक नव्हतं! सासूबाई शेतकऱ्याच्या घरातल्या, त्यांनीही पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

तक्रारी आहेत. अडतीस मुलांमागे दोनच ताई-दादा. मुक्कामाच्या रात्री उशिरापर्यंत पडद्यावर चित्रफिती दाखवल्या, त्यामुळे पहाटेच्या फेरीत निम्मी पोरं पेंगत होती. माळावर येऊन पडदा कशाला? पक्ष्यांच्या चाळीस नावांचा छापील कागद दिला होता, तो आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात हरवला. पण संध्याकाळी सगळ्यांना गवतात गप्प बसवून, जमिनीवर रात्र काढायला उतरणारे भोवत्या पक्षी दाखवले, ते तो अजून हाताने वळसे घेत सांगतो.

डिसेंबरात त्याच्याच हट्टाने दोनदा हिप्परग्याच्या तलावावर गेलो. पहिल्यांदा तो वीस मिनिटं न बोलता बसला. एप्रिलच्या उन्हात गच्चीवरच्या परातीत पाणी भरायचं काम त्याने आपणहून घेतलं. चार-पाच दिवस विसरला, बाकी नेमाने.

जूनच्या पहिल्या पावसात त्याने जपून ठेवलेली बारा कुसळं कुंडीत टाकली. तीन उगवली आहेत. सासूबाई तुळशीला पाणी घालताना आता त्या कुंडीतही घालतात.

यंदा धाकटीला पाठवणार आहे. फक्त गट लहान असेल, तरच.