प्लास्टिकचं धड की अवयवांचा एप्रन? चौथीच्या वर्गासाठी काय घ्यावं

आंतरेंद्रियं शिकवायला काही साहित्य घ्यायचं ठरलं, की निवड बहुतेक दोन गोष्टींत येऊन थांबते. एक म्हणजे अवयव काढता-घालता येणारं प्लास्टिकचं धड, दुसरं म्हणजे मुलाच्या गळ्यात घालून त्यावर कापडी अवयव चिकटवायचा एप्रन. तक्ता वर्गात असतोच. व्हिडिओ मुलं मन लावून बघतात, पण हाताला काही लागत नाही, म्हणून ते इथे धरत नाही. मी आधी मॉडेल घेतलं, दोन वर्षं वापरलं आणि मग एप्रन शिवून घेतला. माझा अनुभव 28 मुलांच्या एका वर्गापुरता आहे, तेवढ्याच बेतानं तो वाचावा.

मॉडेल खरोखर सुंदर असतं. आमच्या मॉडेलमधलं हृदय मधोमध उघडतं आणि आतले चार कप्पे दिसतात. यकृत उचललं की खाली पित्ताशय, आणि सगळ्यांच्या मागे पाठीला टेकलेली मूत्रपिंडं. कोणता अवयव पुढे, कोणता मागे, हे इतकं स्वच्छ दुसऱ्या कशातून दाखवता येत नाही. आतडी मात्र एकाच ठोकळ्यात ओतलेली असतात, त्यामुळे लांबीचा अंदाज येत नाही. त्यासाठी मी घरून आईची नऊवारी नेली आणि मुलांना व्हरांड्यात पसरायला लावली. लहान आतडं साधारण 6 मीटर, मोठं दीड मीटर. दोन्ही जोडली तरी नऊवारीपेक्षा दीडएक हातच कमी भरतात. एवढं सगळं पोटात मावतं कसं, हा प्रश्न मुलांनीच विचारला.

मला मॉडेलपासून दूर नेलं ते डाव्या-उजव्यानं. मॉडेल मुलांकडे तोंड करून उभं असतं, म्हणजे त्याची डावी बाजू बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही. एकदा सगळे अवयव बिनचूक बसवून झाल्यावर मी एका मुलीला विचारलं, "आता तुझं हृदय कुठंय, दाखव बरं." तिनं तळहात छातीच्या उजव्या बाजूला ठेवला. "सर, यात इकडंच आहे की." तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. मग वर्गाला विचारलं, तर निम्म्याहून जास्त हात उजवीकडे गेले. आरशाचं उदाहरण दिलं, मॉडेल फिरवून पाहिलं, पण पाठ बंद, मागून काही दिसत नाही. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. मुलं मॉडेल जोडायला शिकत होती आणि स्वतःच्या शरीरात तो अवयव कुठे आहे, हे तसंच राहून जात होतं.

एप्रनवर हा घोळ होतच नाही, कारण शरीर मुलाचं स्वतःचंच असतं. मान खाली घालून तो यकृत आपल्या उजव्या बरगड्यांखाली लावतो. हृदय दोन फुप्फुसांच्या मध्ये, किंचित डावीकडे. लावण्याआधी आपली मूठ त्यावर ठेवून बघतो, कारण हृदय साधारण आपल्या मुठीएवढं असतं. शेजारचा त्याच जागी कान लावतो आणि ठोके मोजतो. कापडाचा तुकडा आणि आतली धडधड एका जागी आली, की पुन्हा सांगावं लागत नाही. आमच्याकडे मटण खाणाऱ्या घरांतल्या मुलांना कलेजी ठाऊक असते आणि 'काळीज धडधडतं' हेही कानावर असतं. मग कलेजी म्हणजेच हृदय का, असा प्रश्न दरवर्षी येतो. एप्रनवर दोन्ही वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या जागी लावली, की कलेजी म्हणजे यकृत हे मुलांना पटतं.

एप्रन मूत्रपिंडांपाशी कमी पडतो, हे मान्य करायला हवं. ती पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांपाशी असतात आणि एप्रनला पाठ नसते. आम्ही दोन मुलं मागे उभी करतो, ती हातानं धरून ठेवतात. चालून जातं, पण मॉडेलची सर येत नाही. सहावी-सातवीच्या वर्गासाठी, जिथे हृदयाचे कप्पे आणि झडपा शिकवायच्या असतात, तिथे मीही कदाचित मॉडेलच घेईन. तिसरी-चौथीला आणि एकच वस्तू परवडणार असेल, तर माझं मन एप्रनकडे झुकतं.

शिवून घेणार असाल तर माप वर्गातल्या मध्यम चणीच्या मुलाचं द्या, मोठ्या माणसाचं नको, नाहीतर जठर मांडीवर येतं. वेल्क्रोची खरखरीत बाजू एप्रनवर शिवायला सांगा आणि मऊ बाजू अवयवांवर. आमच्या टेलरनं पहिल्यांदा उलट केलं होतं, तर पिशवीतून काढताना फुप्फुसं, जठर, आतडी सगळी एकमेकांना चिकटून एकच गोळा बाहेर यायचा आणि तासाची पहिली दहा मिनिटं ती सोडवण्यात जायची.