वरती फ्रीजर, खाली फ्रीजर की एकच दार: नवा फ्रीज घेणाऱ्यांसाठी

दुकानात फ्रीज रिकामा असतो आणि आपण त्याच्यासमोर उभे असतो. वरचं दार उघडलं की फ्रीजर डोळ्यांसमोर येतो, खालचं उघडलं की दिवा आणि काचेचे कप्पे दिसतात. वाकावं लागतं ते घरी आणल्यावर. आमच्याकडे अकरा वर्षं वरती फ्रीजर असलेला डबल डोअर होता. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी एकदा मोजलं. सकाळच्या स्वयंपाकात तिने फ्रीजर एकदाच उघडला, खवलेल्या नारळासाठी. खालचं दार मात्र बारा वेळा, आणि त्यातल्या पाच वेळा ती कोथिंबीर, मिरच्या, भाजी काढायला पार खाली वाकली.

माझ्या मते वरच्या फ्रीजरचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे आणि तो कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करू शकत नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरांत फ्रीज म्हणजे दूध, विरजण, भिजवलेली कणीक, उरलेली आमटी आणि भाजी. सगळ्यात कमी लागणारी जागा डोळ्यांसमोर आणि सगळ्यात जास्त लागणारी जमिनीलगत, अशी ही रचना आहे. फ्रीज स्टँडवर ठेवला तर भाजीचा ट्रे थोडा वर येतो, पण मग बुटक्या माणसाला बर्फाच्या ट्रेसाठी टाचा उंचवाव्या लागतात.

बाकीच्या तक्रारी समजायच्या तर आत काय चालतं ते पाहायला हवं. फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या डबल डोअरमध्ये थंडावा तयार करणारी कॉइल बहुतेक वेळा एकच असते, फ्रीजरच्या मागच्या भिंतीत. पंखा तिथली थंड हवा फ्रीजरमध्ये सोडतो आणि त्यातली थोडी हवा एका मार्गाने खालच्या भागात उतरते. खालचं दूध-दही त्या वाटणीवर जगतं. मटारच्या सीझनमध्ये आपण पिशव्या अगदी मागच्या जाळीपर्यंत कोंबतो, हवेची वाट बंद होते, आणि दोन दिवसांत खाली दूध नासायला लागतं. मग घाईने फ्रीजरमधला नॉब जास्तीत जास्तवर नेला जातो. बऱ्याच साध्या मॉडेलमध्ये तो नॉब फक्त हवेची वाटणी ठरवतो. तो पूर्ण फिरवला की फ्रीजरला आणखी जास्त हवा मिळते आणि खालच्या भागाची आणखी कमी होते. फ्रीजरमध्ये उणे १८ अंश आणि खाली ३ ते ५ अंश पुरतात. खालच्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर रात्रभर ठेवला तर नॉब कुठे ठेवायचा ते कळतं.

आता सर्वांत नेहमीचा बिघाड. फ्रीजरमध्ये बर्फ छान होतो, पण खाली गार होत नाही. कॉइलवर साठणारा बर्फ ठरावीक वेळाने वितळवण्यासाठी आत एक हीटर असतो. तो, त्याचा सेन्सर किंवा टायमर बिघडला की कॉइल बर्फाने भरते आणि हवा अडते. कधी पंख्याची पाती बर्फाला घासून खरखर आवाजही येतो. अशा वेळी ‘गॅस संपलाय, भरून देतो’ असं कुणी म्हटलं तर थोडं थांबा. फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांत फिरत असतो, गळती झाल्याशिवाय तो संपत नाही, आणि कमी झाला तर सहसा फ्रीजरचीही थंडी उतरते. आधी सगळं बाहेर काढून, फ्रीज बंद करून, दारं उघडी ठेवून दिवसभर बर्फ वितळू द्या. त्यानंतर तो आठवडा-दोन आठवडे नीट चालला आणि पुन्हा तेच सुरू झालं, तर बर्फ वितळवणाऱ्या भागांत दोष आहे. तेवढाच भाग बदलायला सांगा. आमच्या जुन्या फ्रीजला एकदा विनाकारण गॅस भरला गेला होता, पंधरा दिवसांत दूध पुन्हा नासलं, म्हणून हे इतकं आवर्जून लिहितोय.

भाजीच्या ट्रेखाली साठणारं पाणीही इथूनच येतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी फ्रीजरमधून एका नळीने मागे कंप्रेसरवरच्या ट्रेत उतरतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. नळीत कचरा अडकला किंवा बर्फ धरला की पाणी आत झिरपतं. कोमट पाणी हळूहळू सोडल्यावर बहुतेक वेळा ती मोकळी होते. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ मात्र कधीच खरवडू नका. कॉइलला भोक पडलं तर गॅस खरोखरच जाईल, आणि आजकाल बऱ्याच फ्रीजमध्ये असणारा आर-६०० ए हा गॅस ज्वलनशील असतो.

वासाचंही तसंच आहे. हवा एकच असल्याने फ्रीजरमधल्या उघड्या मासळीचा वास खालच्या साईपर्यंत पोहोचतो. फिरत्या हवेने कणकेच्या गोळ्यावर पापुद्रा धरतो, पोळ्या कडक होतात. सगळं झाकणाच्या डब्यात ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो. दोन्ही भागांना वेगळी कॉइल असलेली मॉडेल मिळतात. त्यांत वास मिसळत नाही, भाजीही जास्त टिकते, पण पैसे जास्त पडतात.

आता याच्यासमोर एका दाराचा फ्रीज ठेवून पाहू. डायरेक्ट कूल, म्हणजे साध्या रचनेत पंखा नाही, हीटर नाही, त्यामुळे बिघडायला भाग कमी. वीजही सहसा कमी लागते. जिथे तीन-चार तास वीज जाते अशा गावांत फ्रीजरमध्ये धरलेला बर्फच खालच्या दुधाला सांभाळतो, हा त्याचा मोठा गुण आहे. उणी बाजू म्हणजे बर्फ आपणच वितळवावा लागतो. बोटाएवढा थर होईपर्यंत वाट पाहिली की फ्रीजरचं झापड लागत नाही. दुधासाठी दार उघडलं की फ्रीजरलाही गरम हवा लागते, त्यामुळे आइस्क्रीम घट्ट राहत नाही आणि वर्षभराचे मटार साठवायला तो कामाचा नाही. भाजीचा ट्रे इथेही खालीच असतो. दोन माणसांच्या किंवा एकट्याच्या घराला मी डोळे झाकून हाच घ्यायला सांगेन.

खालच्या फ्रीजरचा फ्रीज आमच्याकडे आता तीन वर्षं आहे. दूध, दही, भाजी सगळं कमरेपासून छातीपर्यंत हाताशी येतं. आईचं वाकणं दिवसातून एखाद्या वेळेवर आलं. त्याचेही तोटे आहेत. तेवढ्याच लिटरचा वरच्या फ्रीजरवाला काही हजारांनी स्वस्त मिळतो, आणि दुकानात खालच्या फ्रीजरची मॉडेल मोजकीच दिसतात. मागे कंप्रेसर असल्याने सगळ्यात खालचा खण कमी खोल असतो. पिशव्या एकावर एक रचल्या जातात आणि तळाशी काय आहे ते विसरायला होतं. आम्ही आता पिशवीवर तारीख घालतो. पाण्याची नळी तुंबली तर इथे फ्रीजरच्या तळाशी बर्फाची लादी धरते. आतल्या यंत्रणेचे बिघाड जवळपास तेच, त्यामुळे दुरुस्ती कमी निघेल या आशेने तो घेऊ नका.

ज्या घरात मासळी आठवड्यातून चार वेळा शिजते, फ्रीजर रोज उघडतो आणि घरात कुणाचे गुडघे दुखत नाहीत, तिथे वरचा फ्रीजर उत्तम. कमी पैशांत मोठा फ्रीजर मिळतो आणि सुट्या भागांची अडचण सहसा येत नाही. फ्रीजरचं रूपांतर साध्या कप्प्यात करता येणारी मॉडेलही याच प्रकारात भरपूर आहेत. लग्नकार्यात किंवा आंब्याच्या दिवसांत ती सोय कामाला येते. घरात ज्येष्ठ असतील आणि खाणं बहुतेक शाकाहारी असेल, तर वरचे पैसे घालून खालचा फ्रीजर घ्या.

स्टारच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. तारे मोजण्याआधी तो आकडा वाचा. दोन मॉडेलमध्ये ६० युनिटांचा फरक असेल आणि तुमचं युनिट १० रुपयांना पडत असेल, तर वर्षाला ६०० रुपये. लेबलवरचं वर्षही बघा, कारण निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या साठ्यातले पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांइतके नसतात.

दुकानात जाण्याआधी घरी फ्रीजची जागा मोजा, विशेषतः बाजूची भिंत. बऱ्याच फ्रीजमध्ये भाजीचा ट्रे पूर्ण बाहेर यायला दार ९० अंशांपेक्षा जास्त उघडावं लागतं, आणि भिंतीला लागून ठेवला तर ट्रे निम्म्यावर अडतो. दुकानात दार तेवढंच उघडा जेवढं तुमच्या स्वयंपाकघरात उघडेल, मग खाली बसून ट्रे ओढून बघा. ज्यांच्या हाताने तो रोज उघडणार आहे त्यांना सोबत न्या आणि त्यांनाच ओढायला सांगा.