कंबरलँड ते जॉर्जटाउन: कालव्याच्या काठाने ग्रॅव्हल सायकलवर

माझं बालपण पाटाच्या काठावर गेलं. अण्णा नीरा डाव्या कालव्यावर कालवा निरीक्षक होते. सायकलच्या दांडीवर बसून मी त्यांच्याबरोबर भरावावरून मैलच्या मैल फिरायचे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि मध्ये मुरमाची पांढरट वाट. त्यामुळे अमेरिकेत, मेरीलँडमध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी ग्रॅव्हल सायकलिंगला, म्हणजे जाड टायरच्या सायकलवर कच्च्या वाटा तुडवायला लागले, तेव्हा पहिली मोठी सफर कुठे करायची हा प्रश्नच पडला नाही. चेसापीक अँड ओहायो कालवा, इथे सगळे ज्याला ‘सी अँड ओ’ म्हणतात. पोटोमॅक नदीच्या काठाने कंबरलँडपासून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत १८४.५ मैल, म्हणजे साधारण २९७ किलोमीटर. नावा ओढणारी खेचरं ज्या वाटेवरून चालायची, त्याच वाटेवर आता सायकली चालतात.

मी इथे दोनदा गेले. पहिल्यांदा मे महिन्यात, एकटी आणि अर्धीच. दुसऱ्यांदा सप्टेंबरअखेर मुलाला घेऊन, चार दिवस तीन रात्री, पूर्ण.

पहिली खेप फसली ती टायरमुळे. शहरातल्या एका दुकानातून सायकल भाड्याने घेतली होती. जाड टायर सांगून ठेवले होते, हातात आले ३२ मिलिमीटरचे, तेही जवळजवळ गुळगुळीत. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. पश्चिमेकडच्या जंगलात वाट म्हणजे चाकांच्या दोन चाकोऱ्या, मध्ये गवताचा पट्टा, अधूनमधून झाडांची मुळं. तो चिखल काळ्या रानातल्या चिखलासारखा चिकट. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये असा थापला गेला की चाक फिरेना. काडीने खरवडायचं, शंभर मीटर जायचं, पुन्हा खरवडायचं. तीन पंक्चर झाली आणि दुसऱ्या दिवशी हॅनकॉकला मी सफर सोडली. दुसऱ्या वेळी स्वतःची सायकल होती, ४५ मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर, हवा बेताचीच भरलेली. एकही पंक्चर नाही. या वाटेसाठी महागड्या सायकलीची गरज नाही, टायरवर मात्र काटकसर करू नका. आणि दोन-तीन दिवस सलग पाऊस झाला असेल तर तारीख पुढे ढकला. ते जमण्यासारखं नसेल, तर लिटल ऑर्लीन्स ते बिग पूल यातला बराचसा भाग शेजारच्या वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेलवरून करा. जुन्या रेल्वेमार्गावरची ती वाट डांबरी आहे.

सुरुवात कंबरलँडहून करावी. वॉशिंग्टनहून तिथे अॅमट्रॅकची गाडी जाते, सायकलची जागा मात्र आधी राखून ठेवावी लागते. कंबरलँडपासून जॉर्जटाउनपर्यंत वाट एकूण ६०५ फूट उतरते. हा उतार अंगाला जाणवत नाही, कारण तो जवळजवळ सगळा लॉकपाशी पायरी-पायरीने येतो. अशी ७४ लॉक आहेत: दोन दारांमध्ये नाव अडकवायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, नाव तेवढी वर किंवा खाली. बाकी वाट सपाट. सपाट म्हणजे सोपी असं वाटतं, पण इथे पाय थांबवून नुसतं घरंगळायला मिळतच नाही. दिवसभर पॅडल मारत एकाच बैठकीत बसावं लागतं. दुसऱ्या दिवशी आम्ही ६० मैल केले आणि बूड अक्षरशः सोलून निघालं. गादी सवयीची असू द्या आणि दर तासाला उतरून चाला.

डोंगरात खरं शिरता येतं ते पॉ पॉ बोगद्यात, जॉर्जटाउनकडून मोजलं तर १५५व्या मैलावर. नदी तिथे इतकी वेडीवाकडी वळते की सहा मैलांची वळणं टाळण्यासाठी डोंगर पोखरला. काम १८३६मध्ये सुरू झालं आणि १८५०मध्ये संपलं. लांबी ३,११८ फूट, अस्तराला साठ लाखांच्या आसपास विटा. आत सायकल चालवू नका, हातात धरून न्या. वाट अरुंद आणि खडबडीत, एका बाजूला लाकडी कठडा, खाली काळंशार पाणी. डोक्याला लावायची बॅटरी हवीच. मध्यावर आम्ही ती विझवून उभे राहिलो. वरून थेंब पडत होते आणि पलीकडचं तोंड रुपयाएवढं दिसत होतं. खोऱ्या-कुदळींनी आणि बंदुकीच्या दारूने हे केलेल्या कामगारांचे पगार थकले होते, त्यावरून दंगे झाले होते. हे वाचलेलं होतं, पण ते अंतर पायी चालताना त्या कष्टांचं वजन कळलं.

बोगद्याला ज्या झाडामुळे नाव मिळालं ते पॉपॉ सप्टेंबरात पिकतं. वाटेवर पडलेलं एक फळ मुलाने फोडलं. आत पिवळा मऊ गर आणि मोठ्या काळ्या बिया. “आई, हे तर सीताफळ!” तो म्हणाला, आणि खरंच, दोन्ही एकाच कुळातली. चवीला सीताफळात केळं कालवल्यासारखं. सासवडच्या बाजारातला वास पोटोमॅकच्या काठावर यावा, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता मुक्कामाबद्दल, कारण या वाटेवरची माझी सगळ्यात आवडती सोय तीच. काही मैलांच्या अंतराने पायी आणि सायकलने येणाऱ्यांसाठी तळ आहेत. पैसे नाहीत, नोंदणी नाही, आधी येईल त्याची जागा, एका तळावर एकच रात्र. तंबूपुरती जागा, टेबल, शेगडी, शौचालय आणि हातपंप. आम्ही इंडिगो नेक, हॉर्सशू बेंड आणि टर्टल रन इथे राहिलो. इंडिगो नेकला तर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. पंपाच्या पाण्यात आयोडीन घातलेलं असतं, त्याची चव काहींना चालत नाही. लिंबू पिळा. पंप हिवाळ्यात बंद असतात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्हाला दोन दिवस पुरली, पुढे हॅनकॉक आणि विल्यम्सपोर्टला दुकानं आहेत. गोचिडांसाठी रोज संध्याकाळी पाय तपासा.

खालचा निम्मा भाग सोपा आणि माणसांचा. बिग स्लॅकवॉटरला कालवा नाहीच, नावा थेट नदीत उतरायच्या. तिथे कड्याला लागून बांधलेल्या काँक्रीटच्या वाटेवर सायकल पाण्यावरून चालल्यासारखी वाटते. हार्पर्स फेरी गावात जायचं तर पुलाच्या जिन्यावरून सायकल उचलून न्यावी लागते, सामान उतरवूनच चढा. मोनोकसी नदीवरून कालवा नेणारा सात कमानींचा दगडी जलसेतू १८३३चा. तिथे जेवायला थांबा. काही लॉकच्या दगडांवर दोरांनी खाचा पडल्या आहेत, आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठावर पडतात तशाच.

कालवा १९२४मध्ये बंद पडला. पुढे त्याच्या जागी मोटाररस्ता करायचं घाटत होतं. १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याला पाठिंबा देणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकांना आव्हान दिलं, माझ्याबरोबर हा कालवा चालून बघा. ते स्वतः पूर्ण चालले. १९७१मध्ये हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. शेवटचे १४ मैल, ग्रेट फॉल्सपासून पुढे, शनिवार-रविवारी गर्दीचे असतात, पण बाळाच्या गाड्या आणि म्हातारी जोडपी बघून मला त्या माणसाचे आभार मानावेसे वाटले.

घरी आल्यावर अण्णांना बारामतीला फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, “पाणी किती सोडतात गं?” म्हटलं, अण्णा, बहुतेक ठिकाणी कोरडाच आहे, पात्रात झाडं वाढलीत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी विल्यम्सपोर्टचे फोटो पाठवले, तिथे कालवा पुन्हा भरलाय आणि जलसेतूवरून नाव जाते. लगेच फोन आला.

“काठोकाठ आहे की! फ्रीबोर्ड किती ठेवलाय?” फ्रीबोर्ड म्हणजे पाण्यापासून काठाच्या माथ्यापर्यंत मोकळी सोडलेली उंची.

ऑक्टोबरात पुन्हा जातेय. या वेळी सामानात मोजपट्टी आहे.